कर थकला म्हणून हक्क थकत नाही

(शीव, मुंबई येथील महिला बचत गटाच्या समन्वयक ताईंनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही शीवहून बोलतोय. शीव म्हटलं की तुम्हाला गावाची शीव आठवेल, आणि ते बरोबरच आहे. एके काळी मुंबईची हद्द इथं संपायची. इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला किल्ला आमच्या टेकडीवर अजून उभा आहे. पलीकडं साष्टीत तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. आता मुंबई फार पुढं पसरली आणि शीवचं लोकांच्या तोंडी सायन झालं. पण आमच्या गटातल्या बायकांच्या आयुष्यात शीव अजून आहे. एक पाय इकडं, एक पाय गावाकडं. कुणी घरोघरी पोळ्या लाटते, कुणी डबे करते, कुणी शिवणकाम करते. घर मात्र प्रत्येकीला विचारलं तर गावाचंच सांगते. साताऱ्याकडचं, रत्नागिरीकडचं, सांगलीकडचं.

आज बोलायचं आहे ते त्या गावच्या घराबद्दल. म्हणजे घरपट्टीबद्दल. ती थकली, नोटीस आली, तर बाईनं काय करायचं, कुणाकडं जायचं, आणि काय अजिबात करायचं नाही. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्याच गटातल्या एका ताईवर वेळ आली, तेव्हा शिकलो. तिनं सांगितलंय, गोष्ट सांगा, माझं नाव आणि माझ्या गावाचं नाव घेऊ नका. म्हणून आम्ही तिला नुसतं ताई म्हणू.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला. आमच्या सगळ्यांच्या खोल्या त्याहून लहान. गटाच्या बैठकीत विषय निघाला आणि आम्ही आनंदानं सांगून टाकलं, "बायांनो, घरपट्टी माफ झाली." एवढंच बोललो. कुठली घरपट्टी, कुणाची, कुठल्या हद्दीतली, ते काही फोड करून सांगितलं नाही. ही माफी मुंबई महापालिकेच्या हद्दीतली. गावच्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टीशी तिचा काही संबंध नाही. पण ताईनं ऐकलं ते "घरपट्टी माफ". तिचा नवरा २०२१ साली वारला होता. तोवर गावची पट्टी तोच गणपतीला गेला की भरून यायचा. तो गेल्यावर हिला वाटलं, चला, एक तरी खर्च सरकारनं कमी केला. आणि ती गप्प राहिली.

२०२५ साली गावाहून दिराचा फोन आला. "वहिनी, कोर्टाची नोटीस आलीय. घरपट्टीची. अकरा हजार चारशे रुपये. नाही भरले तर घर जप्त होणार. तुम्ही कुठून आणणार पैसे? मी भरतो. तुम्ही फक्त या, आणि एका कागदावर सही करून जा."

तो कागद कसला होता, ते ताईनं विचारलं नाही. दिरानंही सांगितलं नाही. तिनं बैठकीत रडतच सांगितलं, की घर वाचतंय तर सही करून टाकते. आमची खजिनदार म्हणाली, गटातून कर्ज देऊ, पैसे भर आणि मोकळी हो. आम्ही म्हटलं, थांबा. आधी नोटीस तर बघू. दिराकडून मोबाइलवर नोटिशीचा फोटो मागवला. सोबत त्या दुसऱ्या कागदाचाही मागवला. दिरानं दोन दिवस टाळाटाळ केली, मग पाठवला. ते हक्कसोड पत्र होतं. सासऱ्यांच्या नावावरच्या घरातला आपला आणि मुलांचा हक्क आपण राजीखुशीनं सोडतो, असं त्यात लिहिलं होतं.

अकरा हजार चारशे रुपयांच्या पट्टीसाठी ताई नवऱ्याचा वाटा सोडून येणार होती. मुलांचाही. आणि घरी येऊन आम्हाला सांगणार होती, की भाऊजींनी उपकार केले.

भगिनींनो, आजच्या भाषणातलं एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी आम्हाला पुरे. कर थकला म्हणून घरातला हक्क थकत नाही. पट्टी हे देणं आहे. ते ग्रामपंचायतीला द्यायचं आहे, दिराला किंवा चुलत्याला नाही. ते कुणी तुमच्या वतीनं भरलं, तर फार तर तुम्ही त्याचं तेवढं देणं लागता. त्यापोटी घर त्याचं होत नाही. ज्याच्या नावानं पट्टीची पावती फाटते तोच मालक, असंही नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरातली नोंद ही कर कुणाकडून घ्यायचा यासाठी असते. मालकीचा निवाडा ती करत नाही.

आता नोटिशीकडं येतो. ती वाचल्यावर पहिली गोष्ट कळली, की ती कोर्टाचं समन्स नव्हतीच. ती लोकअदालतीची नोटीस होती. राष्ट्रीय लोकअदालत साधारण वर्षातून चार वेळा भरते, बहुतेक शनिवारी, तालुक्याच्या कोर्टाच्या इमारतीतच. ग्रामपंचायती आपल्या थकबाकीदारांची यादी तिथं देतात आणि सगळ्यांना एकदम नोटिसा जातात. त्याला वादपूर्व किंवा दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. म्हणजे खटला अजून दाखल झालेलाच नाही. या, बसा, बोला, जमलं तर मिटवा, एवढाच त्याचा अर्थ. वर न्यायालयाचं नाव, खाली शिक्का, म्हणून आपला जीव उडतो. पण लोकअदालतीला गेलं नाही म्हणून कुणी पोलीस पाठवत नाही, आणि तिथं गेलं म्हणजे कबूल केलंच पाहिजे असंही नाही. तडजोड दोन्ही बाजूंच्या राजीखुशीनंच होते.

मात्र याची दुसरी बाजू नीट ऐका. तिथं एकदा तडजोडीवर सही केली, की त्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद येते, आणि त्यावर अपील नाही. म्हणून जायला घाबरायचं नाही, पण सही करायला घाई करायची नाही. रक्कम किती लिहिली, हप्ते किती, तारखा कोणत्या, हे वाचून, नाही तर वाचून घेऊन, मगच सही.

मग आम्ही मदत कुठून घेतली? तुमच्याजवळ कागद-पेन असेल तर नंबर लिहून घ्या. एक, पाच, एक, शून्य, शून्य. १५१००. ही विधी सेवेची देशभराची मदतवाहिनी आहे. विधी सेवा म्हणजे कायद्याची सेवा. आमच्या एका मावशींना वाटलं होतं, लग्नाबिग्नाचे विधी करून देतात की काय! तसं नाही. १९८७ साली संसदेनं विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा केला. ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला, म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन असतो. या कायद्याचं कलम १२ आपल्या कामाचं. मोफत वकील कुणाला मिळेल, त्याची यादी त्यात आहे. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कोठडीतली माणसं, आपत्तीत सापडलेली, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेली. आणि त्या यादीत एक शब्द सरळ आहे, स्त्री. गरीब स्त्री नाही, विधवा स्त्री नाही. स्त्री. म्हणजे बाईला मोफत वकील मागायला उत्पन्नाची अट नाही.

हे कळल्यावर आमच्या बैठकीत दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. आमच्यातली एक म्हणाली, "एवढी वर्षं हे होतं, आणि आम्ही सासरच्या खटल्यात मंगळसूत्र मोडून वकील केला."

हे कार्यालय कुठं असतं? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती, आणि जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. आमचं शीव मुंबई शहर जिल्ह्यात येतं. पण ताईचं काम गावाकडचं, म्हणून आम्हाला तिच्या तालुक्याच्या समितीकडं जायला सांगितलं. तुमचं तर सोपं आहे, तुमचा तालुका तुमच्याजवळच आहे. कोर्टात शिरताना भीती वाटते, हे आम्हाला माहीत आहे. आम्हालाही वाटली. दाराशी काळे कोट, गर्दी, आणि आत शिरताच दोन-तीन जण विचारायला आले, "बाई, काय काम आहे, वकील पाहिजे का?" त्यांना हात जोडायचे आणि विचारायचं, "विधी सेवेचं ऑफिस कुठं आहे?" तिथं अर्ज असतो. नाव, पत्ता, काय अडचण आहे ते लिहायचं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी तिथली माणसं लिहून घेतात. आधारकार्ड आणि आलेली नोटीस सोबत ठेवायची. मग समितीच्या यादीतले वकील नेमून देतात. त्यांची फी समितीकडून जाते. त्यांनी तुमच्याकडं पैसे मागितले, तर त्याच ऑफिसात लेखी तक्रार करायची.

ताईला वकीलबाई मिळाल्या. तरुणच होत्या. त्यांनी आधी हक्कसोड पत्र बाजूला काढलं आणि म्हणाल्या, "हा विषय पट्टीचा नाही. याला हातही लावायचा नाही." घरजमिनीतला हक्क सोडायचा कागद दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावा लागतो, हे त्यांनी समजावलं. घरी बसून स्टँपपेपरवर सही घेतली म्हणून हक्क सुटत नाही. पण अशी सही पुढं डोकेदुखी होते, म्हणून करायचीच नाही. मग त्यांनी विचारलं, "ताई, पट्टीचा हिशोब बघितलात का?"

नव्हता बघितला. आमच्यापैकी कुणीच नव्हता. अकरा हजार चारशे म्हटलं, की आम्ही अकरा हजार चारशे कुठून आणायचे एवढाच विचार केला. ते बरोबर आहेत का, हे विचारायचं आम्हाला, बी.ए. झालेल्यांनाही, सुचलं नाही. बचत गटात पाच रुपयांचा फरक आला तर आम्ही रात्री दहापर्यंत हिशोब जुळवत बसतो. आणि सरकारी कागदावरचा आकडा मात्र देवाचा शब्द धरतो.

तर हिशोब कसा बघायचा ते सांगतो. ग्रामपंचायतीत तीन कागद असतात, त्यांचे नंबर पाठ करा. नमुना ८, नमुना ९, नमुना १०. नमुना ८ म्हणजे आकारणीची नोंद. तुमचं घर किती लांब-रुंद, मातीचं की सिमेंटचं, किती वर्षांचं, राहतं की दुकानाचं, आणि त्यावर कर किती, हे त्यात असतं. नमुना ९ म्हणजे मागणीची नोंद. मागची बाकी किती, चालू किती, भरले किती. आणि नमुना १० म्हणजे पैसे भरल्यावर मिळते ती पावती. नमुना ८ चा उतारा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला या लोकसेवा हक्क कायद्यातल्या सेवा आहेत. २०१५ चा हा कायदा. अर्ज द्या, पोच घ्या. मुदतीत द्यावं लागतं, नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं.

ताईच्या नमुना ८ मध्ये मागची पडवी धरली होती. ती पडवी दोन पावसाळ्यांपूर्वीच बसली होती. घर मातीचं आणि दगडाचं, पण नोंदीत विटा-सिमेंटचं लागलं होतं. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले, तेव्हापासून ग्रामपंचायतीची घरपट्टी घराच्या भांडवली मूल्यावर लागते. त्यात बांधकामाचा प्रकार आणि घराचं वय धरतात. मातीच्या जुन्या घराला कमी, सिमेंटच्या नव्याला जास्त. म्हणजे एका शब्दाच्या चुकीनं दर वर्षी कर वाढत होता. नळाचं तर विचारूच नका. घराला कुलूप, नळ कोरडा, पण जोडणी बंद करा असा अर्ज कुणी दिलाच नव्हता, म्हणून पाणीपट्टी चालू. यात चूक पंचायतीची नाही, आपली.

आणि मागणी सहा वर्षांची होती. वकीलबाई म्हणाल्या, यातली काही वर्षं नवऱ्यानं भरली असतील, पावत्या शोधा. ताईनं शीवच्या खोलीतली पत्र्याची पेटी उपसली. नवऱ्याच्या गिरणीतल्या वडिलांची कागदपत्रं, मुलांच्या लसीची कार्डं, आणि तळाशी रेशनकार्डाच्या जुन्या पिशवीत दोन पावत्या. २०१९-२० आणि २०२०-२१. घडी पडून फाटायला आलेल्या, पण शिक्का स्वच्छ. ताई त्या हातात घेऊन बराच वेळ बसली. म्हणाली, "गेल्यावरही भरून गेलाय माझ्यासाठी."

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या पावत्या जोडून, पडवीचे फोटो जोडून ग्रामपंचायतीला अर्ज दिला. ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते पाहणीला आले. मासिक सभेत विषय गेला आणि नोंद दुरुस्त झाली. ऐकलं नसतं, तर पंचायत समितीकडं अपिलाची सोय कायद्यात आहे. त्याला मुदत असते, म्हणून वेळ घालवायचा नसतो. दुरुस्तीनंतर बाकी उरली सहा हजार आठशे. पुढच्या लोकअदालतीत वकीलबाई सोबत होत्या. तिथं न्यायाधीश, एक वकील आणि एक सामाजिक कार्यकर्ती अशा तिघांचं मंडळ बसलं होतं. ताईनं तीन हप्ते मागितले, पंचायतीनं मान्य केले. निवाडा वाचून दाखवला, मग सही केली. पहिला हप्ता गटाच्या कर्जातून भरला, उरलेले दोन तिनं डब्यांच्या कमाईतून.

सगळं गोड झालं असं आम्ही सांगणार नाही. गावाला चार खेपा झाल्या. एसटीचं भाडं, बुडालेले रोज, हे धरलं तर वाचलेल्या पैशातले निम्मे तिथंच गेले. आणि दीर बोलत नाही. या गणपतीला ताई गावाला गेली, ती शेजारच्या काकींकडं उतरली. स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसून आली. वारसाची नोंद मात्र झाली. सासऱ्यांच्या नावाखाली आता दिराचं नाव आहे, आणि ताईचं आणि तिच्या दोन्ही मुलांचंही आहे.

आता तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, आमच्याकडं असा दीर नाही, आम्हाला काय. तर आणखी एक गोष्ट ऐका, ती प्रत्येक गटाच्या कामाची आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. तुमच्यातल्या कितीतरी जणी उद्या उभ्या राहणार. ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ सांगतं, की कराची मागणी करून बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही, तर माणूस सदस्य व्हायला आणि राहायला अपात्र ठरतो. आणि एकत्र कुटुंबात एकाची बाकी सगळ्यांना लागू होते. म्हणजे बिल सासऱ्याच्या नावचं, ते ठेवलं देव्हाऱ्यामागं, सुनेला पत्ताच नाही, आणि निवडून आल्यावर विरोधक तेच बिल घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडं जातात. पाच वर्षं काम करायचं म्हणून निवडून आलेली बाई काही हजारांच्या बाकीसाठी घरी बसते.

म्हणून बिल आलं की त्यावर कोणत्या तारखेला हातात पडलं ते लिहून ठेवा. तीन महिने त्या दिवसापासून मोजले जातात. अर्ज भरायच्या आधी घरातल्या सगळ्यांच्या नावची बाकी तपासा, फक्त स्वतःच्या नावची नाही. आणि अशी तक्रार तुमच्यावर झालीच, तर बिल रीतसर बजावलं होतं का, हा मुद्दा महत्त्वाचा असतो. तो मांडायलाही मोफत वकील मिळतो.

पट्टी थकली की पायऱ्या कशा असतात, तेही माहीत असू द्या. आधी बिल येतं. ते मुदतीत भरलं नाही तर मागणीची नोटीस येते. त्यानंतर तीस दिवसांत पैसे भरले नाहीत, तर पंचायत घरातली चीजवस्तू जप्त करू शकते. तरीही वसूल झालं नाही, तर महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. म्हणजे जप्ती एका रात्रीत होत नाही, पण होतच नाही असंही नाही. प्रत्येक पायरीवर बोलायला जागा आहे. जी गप्प बसते, तिची जागा एकेक पायरीनं कमी होत जाते.

गावातल्या बैठकांत आम्हाला नेहमी तीन प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं देऊन आवरतं घेतो.

पहिला. घर नवऱ्याच्या नावावर आहे, मग मी कशाला बोलू? तर २००३ सालापासून शासनाचं सांगणं आहे, की ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करावी. 'घर दोघांचे' म्हणून तुम्ही ऐकलं असेल. नमुना ८ काढाल तेव्हा आपलं नाव आहे का बघा. नसेल तर नवऱ्याला सोबत घेऊन अर्ज द्या. चांगल्या दिवसांत हे काम चहा पिता पिता होतं. वाईट दिवसांत त्याला वकील लागतो.

दुसरा. लोकअदालतीत गेलं की सगळं माफ होतं का? नाही. कुणी एजंट तसं सांगून पैसे मागत असेल तर त्याला वाटेला लावा. दंडात काही सूट, हप्त्यांची सोय, हे नियमात बसेल तेवढं मिळतं. मूळ कर माफ करणं हे तिथं बसलेल्या माणसाच्या मनावर नसतं. कधी सरकार सवलतीची योजना काढतं. ती आपल्या पंचायतीला लागू आहे का, हे ग्रामसभेत उठून विचारायचं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

तिसरा प्रश्न एका आजींनी विचारला होता. "पोरी, पट्टी भरायचीच कशाला? आमच्या गल्लीत दिवा तरी कुठं लागतो?" आजींचं दुखणं खरं आहे. आमच्या शीवच्या शेजारी वडाळ्याला मिठागरं होती. १९३० साली मिठावरच्या कराविरुद्ध तिथं मोठा सत्याग्रह झाला. तो कर परक्या सरकारचा होता आणि तो कुठं खर्च व्हावा, हे विचारायची सोय आपल्याला नव्हती. आज ती सोय आहे. घरपट्टीतून गावची दिवाबत्ती, गटार, पाणी चालतं, आणि तिचा हिशोब ग्रामसभेत मागता येतो. पट्टी भरून, पावती हातात घेऊन विचारलं, की उत्तर द्यावंच लागतं.

आता तुमच्या गटासाठी एक काम देऊन जातो. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली शेवटची घरपट्टीची पावती घेऊन यायचं. जिला सापडली नाही, तिनं नमुना ९ ची नक्कल मागायला जायचं, आणि एकटीनं नाही, दोघी-तिघींनी मिळून. ज्यांच्या पावत्या आहेत, त्यांनी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर वर्ष लिहून, गटाच्या वहीत नोंद करायची. आम्ही शीवच्या गटात आता हेच करतो. हप्त्याच्या वहीच्या मागच्या पानावर बारा जणींची नावं आहेत, आणि पुढं गावच्या घराची पट्टी कोणत्या वर्षापर्यंत भरली ते लिहिलंय. ताईच्या नावापुढं चालू वर्ष आहे.

आणि नोटीस आली, कुणी सही कर म्हणालं, तर उत्तर आधीच ठरवून ठेवा. "गटात विचारून सांगते." त्यानं घाई केली, तर समजा की तो कागद तुमच्या फायद्याचा नाही. मग १५१०० ला फोन लावा.